मनसरचं मँगनीज

कूलरची थरथर पोचत नाही
अशी एकच जागा लॅबमध्ये :
जुन्या मस्टरांमागचं कपाट.
तिथं ठेवलीय कुपी, एकोणीस दिवस झाले.
बाहेर अमरावती रोड, सेहेचाळीस अंश,
डांबर चपलेला सोडत नाही.

निखारे काका विचारतात,
"काय शिजवून राहिली वं पोरी, इतके दिवस?"
पाणी फोडायचंय काका, म्हणते मी,
झाडाचं पान फोडतं तसं, उन्हात, आवाज न करता,
चार मँगनीज एकमेकांना धरून.
"ऊन तं हायेच मग," ते म्हणतात
आणि माठ भरायला जातात.

बाबांनी मनसरच्या खाणीत
हेच मँगनीज फोडलं सव्वीस वर्षं.
आता त्यांचा चहा बशीत येतो
ओठांशी पोचायच्या आधीच.
डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं ते मूलद्रव्य
मला पंचविसावं म्हणून पाठ होतं.

लिगंड म्हणजे काय, त्यांनी एकदा विचारलं.
मी त्यांचं मनगट धरलं दोन्ही बाजूंनी,
घट्ट नाही,
निसटणार नाही इतकंच.
थरथर माझ्या कोपरापर्यंत आली.
"असं होय," म्हणाले.

मागच्या खेपेच्या तपकिरी सुयांचं
उत्तर काल आलं हैदराबादहून :
स्फटिक जुळा आहे, रचना उलगडत नाही.
मॅडम म्हणाल्या, द्रावक बदलून बघ.

आज कपाट उघडलं नाही.
कूलरही बंदच ठेवलाय.
निखारे काका दाराशी बसलेत
वहीनं वारा घेत,
खुर्ची न हलवता.