अर्धा कप

नंबर मिळाला तो मेडिकलवाल्याकडून.
मी ओआरएसची चार पाकिटं मागितली,
त्यानं बिलाच्या पाठीवर दहा आकडे लिहिले
आणि मान वर न करता म्हणाला,
"माझा भाऊ जातो."
तीन आठवडे ते बिल पाकिटात,
बायकोच्या फोटोमागं, घडीवर फाटत गेलेलं.
शेवटचे दोन आकडे पुसायच्या आत फोन केला.

पलीकडचा आवाज आधी खोकला.
"शरणपूर रोड. शाळेच्या मागच्या गेटनं या,
पुढचं साडेसहाला बंद होतं.
घेतली असेल तरी या."

पहिल्या मंगळवारी गेटपर्यंत गेलो.
वॉचमन म्हणाला, "कुणीकडं?"
मी म्हणालो, "आधार कार्डचं सेंटर कुठंय?"
त्यानं बिचाऱ्यानं वळणावळणासकट रस्ता सांगितला.
मी त्या रस्त्यानं गेलोही,
बंद शटरसमोर जरा वेळ उभा राहिलो.
खोटं बोलल्यावर तेवढं तर करावं माणसानं.

दुसऱ्या मंगळवारी आत शिरलो.
वीसेक माणसं, लाल खुर्च्या, पडलेले चेहरे.
वाटलं, हेच.
मागं बसलो. वही फिरत आली, सही केली.
अर्ध्या तासानं कळलं,
ही शेजारच्या सोसायटीची सभा,
लिफ्टच्या वर्गणीवरून पेटलेली.
एका ठरावाला मीही हात वर केला होता.

तिसऱ्या मंगळवारी
इयत्ता तिसरी, तुकडी ब.
बाकं एवढी बुटकी की गुडघे छातीशी.
फळ्यावर सकाळचं तसंच :
पट ४४, हजर ४१.
आम्ही नऊ.

मी सातपूरला मायक्रोमीटर धरतो,
मिलिमीटरचा हजारावा भाग मोजतो.
म्हणजे मोजायचो.
वर्षभर सकाळच्या पाळीत रीडिंग घेतो तो पोरगा दुसराच,
खाली सही माझी.

दगडू बोलला. द्राक्षांच्या छाटणीचा ठेका घेतो.
"गंगापूर रोडला बोर्ड लागलेत, वाईन चाखायला या म्हणून.
तीस वर्षं प्यालो, पण चाखली कधीच नाही."

मग कुमुदताई, चष्मा, कडक इस्त्रीची साडी.
"मी गंगेच्या गडूत ठेवायचे.
रामकुंडावरचा सीलबंद गडू,
देवघरात त्याला कोण हात लावतं?
सासूबाई मात्र रोज फूल वाहायच्या."
कुणीतरी फिस्सकन हसलं.
मग त्याही हसल्या, पदर तोंडाशी घेऊन,
आणि ते हसू कुठं संपलं
ते मला नीट दिसलं नाही.

माझ्याकडं सगळे बघू लागले.
आडनाव, खातं, कंपनी, गाव,
नेहमीचं सगळं तोंडाशी येऊन थांबलं.
कुणी मागितलंच नाही.
"मी हेमराज," म्हणालो.
पुढचं वाक्य आलं नाही.
पंख्याचा आवाज बराच वेळ ऐकला सगळ्यांनी.

चहा पास्कलकाकांनी ओतला.
तेच ते, खोकणारे.
दुसऱ्यांचे कप काठोकाठ, माझा अर्धाच.
मी बघितलं तर म्हणाले,
"पहिल्या दिवशी अर्धाच देतो.
मला सुरुवातीला पाव दिला होता."
बशी वाजत होती माझ्या हातात.
एक थेंब सांडला नाही.

घरी पोचायला साडेनऊ.
बायकोनं दार उघडलं, सवयीनं वास घेतला,
मग पुन्हा घेतला.
शर्टाला खडू लागला होता.
"कुठं गेला होतात?"
"तिसरीच्या वर्गात."
ती काही बोलली नाही, ताट वाढलं.

आठ वर्षं झाली,
मी झोपेपर्यंत ती दाराला आतून कडी लावत नाही.
पोरीला उचलून पळायला वाट मोकळी हवी.
आजही लावली नाही.
बरोबर आहे तिचं.

अंधारात मी दोन्ही हात पोटावर ठेवून
ते किती हलतायत, मोजत पडलो.
मंगळवारला अजून सहा दिवस.