गल्ली नंबर चार

छत्तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
काचेच्या पेटीतला तराजू मी पुसत आलो.
त्याला श्वाससुद्धा सोसायचा नाही.
पोरांना सांगायचो, पंखा बंद करा,
तोंड फिरवा,
पारडं थांबेपर्यंत कुणी बोलू नका.

एप्रिलच्या तीस तारखेला रिटायर झालो.
ग्रॅच्युइटी यायला दिवाळी उजाडली
आणि पैशामागोमाग श्वास आले.

आधी बहिणीचा हर्षल, काजूकतली घेऊन.
"मामा, आठे सही करी द्या, पैसा कोठेच जास नही."
खरंच जाणार नव्हता,
पंधरा वर्षं तिथेच अडकून पडणार होता.
बँकेतल्या साहेबांनी पहिल्यांदाच खुर्ची दिली,
चहा, कॅलेंडर,
आणि माझ्या वयाला न शोभणारी एक योजना.
व्याह्यांनी बायपासपलीकडचा प्लॉट दाखवला.
चुन्याची रेघ, चार खुंट्या,
मधोमध एक कुत्रं, मालकासारखं.

अमळनेरात प्रत्येक ओट्यावर
तेलाच्या कारखान्याचे शेअर विकल्याची गोष्ट असते.
आमच्याही ओट्यावर आहे.
बाबांनी विकले आणि सायकल घेतली.
सायकल अजून आहे.

धुळ्याचा पत्ता ग्रंथपालांनी दिला.
गल्ली नंबर चार, पिठाच्या गिरणीवर.
भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र,
शेजारी हाताने लिहिलेला पुठ्ठा:
फी घेते. कमिशन घेत नाही.
फी साडेतीन हजार.
मनात म्हटलं, नुसतं बोलायचे?
हर्षल तर फुकट बोलतो.

वैजयंती बोरसे. आमच्या मुलीच्या वयाची.
कागद उडतात म्हणून तिने पंखा बंद केला.
मग विचारत गेली.
तेल महिन्याला किती, मोतीबिंदू झाला का,
मुलगा पाठवतो की मागतो.
मी शेअरची गोष्ट सुरू केली तर म्हणाली,
"विकलेलं सोडा, काका. त्याला रकाना नाही."

आणि रत्नाकडे वळली.
"तुम्ही कधी रिटायर होणार?"

रत्ना हसली. पदर सारखा केला.
बावीस उन्हाळे ती बिबडे घालते आहे.
पहाटे चारला घाटा शिजवायचा,
ऊन चढायच्या आत गच्चीवर थापायचे.
मुलीचं नर्सिंग त्यातून झालं.
मी सगळ्यांना सांगायचो,
हिचं आपलं चालतं काहीतरी.
खाली गिरणी घरघरत होती.
रत्ना बोटं मोजायला लागली, अर्ध्यात थांबली.
"माले नको, मन्हा गुडघास्ले इचारा."

बोरसेबाईंनी नवा रकाना आखला.
वर लिहिलं: काका अठ्ठ्याहत्तर, काकू नव्वद.
पेन्सिलीनेच लिहिलं, तरी.
रत्ना माझ्याहून चार वर्षांनी लहान.
म्हणजे खाली सोळा ओळी अशा आल्या
ज्यांत मी नव्हतो.
पेन्शन घटलेली, औषधं वाढलेली,
भाजी एकटीपुरती.
मी त्या ओळी खालून वर वाचल्या,
मग वरून खाली.
छत्तीस वर्षांत पारडं इतकं स्थिर
क्वचित पाहिलं असेल.

सल्ला तसा साधाच निघाला.
पोस्टातली ज्येष्ठांची योजना, थोडं इंडेक्स फंडात,
दोन वर्षांचा खर्च हाताशी,
प्रत्येक कागदावर रत्नाचं नाव.
"आणि प्लॉटला नाही म्हणा.
जमत नसेल तर माझं नाव सांगा."

एसटीत रत्नाने कागदाची घडी
पिशवीत ठेवली नाही, ब्लाउजमध्ये ठेवली.
नवलनगर गेल्यावर म्हणाली,
"फी जास्त नही लिधी तिनी."
मग कितीतरी वेळाने, खिडकीकडे बघत,
"हाऊ उन्हाया घालसु, मंग बस."

घरी हर्षल ओट्यावर, मांडीवर फॉर्म.
रत्नाने त्याला नेहमीसारखा बिबडा भाजून दिला.
निघताना त्याने घरी न्यायला मागितले,
तेही नेहमीसारखेच.
तिने पाव किलो मोजून दिले
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा
भाव सांगितला.