पाहिजेत

गेटवर पत्र्याची पाटी : टर्नर पाहिजेत – २.
आकडा खडूचा, तो बदलतो.
'पाहिजेत' ऑइलपेंटनं रंगवून घेतलंय.
कुपवाडच्या या शेडला बावीस वर्षं
कुणी ना कुणी पाहिजेच असतं.

सोमवारी नऊ जण आले.
कवठेमहांकाळहून पहिल्या एसटीनं आलेला एक
गेटजवळच्या नळावर तोंड धुऊन
भांग पाडत होता दुचाकीच्या आरशात.
मी केबिनच्या काचेतून बघत होतो.
हे बघणं फॉर्ममध्ये धरत नाहीत.

फॉर्म आरवाडे साहेबांच्या पोरानं आणलाय, पुण्याहून.
आत्मविश्वास, पाचपैकी.
संवादकौशल्य, पाचपैकी.
पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?
तासगावचा खोत म्हणाला, "इथंच, सर,"
आणि लगेच ओशाळला,
इथंच म्हणजे कमी झालं की काय म्हणून.

माझी परीक्षा वेगळी, ती मी कुणाला सांगत नाही.
टेबलावर एक पिन ठेवायची, घासून तयार, पंचवीसची,
शेजारी जुना व्हर्नियर.
"माप सांगा."
बस्स.

आठ जणांनी सांगितलं, पंचवीस पॉइंट झिरो सिक्स.
नीट वाचलं, खोटं कुणीच बोललं नाही.
एकानं तर दोनदा मोजलं, दोनदा तेच आलं,
दुसऱ्यांदा आवाज जरा मोठा.

नववी तहसीन मुजावर, मिरजेची. आयटीआय. मध्ये तीन वर्षं कोरी.
("कोरी का?" "वडील अंथरुणाला होते."
फॉर्मवर 'गॅप' असा शब्द आहे, मी तो लिहिला.)
तिनं पिन उचललीच नाही.
व्हर्नियर ओढणीच्या टोकानं पुसला,
रिकामाच मिटला, उजेडाकडे धरला.
"सर, ह्याचं शून्यच शून्यावर नाही."

बाहेर पॉवरप्रेस धडधडत होता,
तरी केबिनमध्ये मला तेवढंच ऐकू आलं.

मला स्वतःला घेतलं तेव्हा
थोरल्या आरवाड्यांनी एवढंच विचारलं होतं :
डबा आणणार का घरी जाणार?
आणणार, म्हणालो. झालं काम.
उद्या घरी जाणार म्हणालो असतो, तर
ही बावीस वर्षं कुणाची असती
कोण जाणे.

आत्मविश्वास : दोन. ती हळू बोलते.
संवाद : दोन.
पोरगं म्हणालं, काका, बेरीज बघा.
मी बेरीज बघितली. मग म्हणालो,
तुझ्या कागदाचं शून्य कुठाय ते आधी बघू.
तो हसला. मी हसलो नाही.

एक जागा खोतला दिली. एक तिला.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत
तिनं माझ्या ड्रॉवरमधला व्हर्नियर मागून घेतला,
जबड्यावरची बर ऑइलस्टोननं उतरवली,
शून्यावर शून्य आणून परत दिला.
"किती दिवस तसाच होता, सर?"
म्हटलं, असेल. ध्यानात नाही.

पाटीवर आता खडूचा एक आहे.
सोमवारी पुन्हा येतील पोरं, नळावर तोंडं धुतील.
व्हर्नियर बरोबर माप दाखवतोय
आणि माझ्याकडे
विचारायला काही उरलेलं नाही.