तळाच्या दोन ओळी

चिमण्या गणपतीच्या चौकातल्या फळ्यावर
सोमवारी पहाटे कुणीतरी खडूनं लिहिलं :
'बाईला कळतं, पण वेळ गेल्यावर कळतं.'
खाली एका संताचं नाव,
दोनदा अधोरेखित.

साडेसातला अमृततुल्यासमोर दोन तट.
घैसास बाई, निवृत्त, संस्कृतच्या, पिशवीत मेथी,
म्हणाल्या, आधी ते पुसा.
रिक्षावाले तिकोने म्हणाले, हात लावून दाखवा,
संतांचा अपमान आहे.
जिममधून परतणारा एक मुलगा म्हणाला,
संत असले म्हणून काय, चूक ते चूक.
त्याला विचारलं गेलं, तू कुठला?
(आमच्याकडे हा प्रश्न पत्त्यासाठी नसतो.)
वकील खळदकर म्हणाले, पोथी आणा, ओवी दाखवा.
पोथी आली. ओवी नव्हती.
तिकोने म्हणाले, मग ही पोथीच खोटी.

मी हाफ चहा धरून उभा. वर साय आलेली.
मला माहीत होतं ते कुठल्या पोथीत आहे.
बेहेऱ्यांच्या छापखान्यात, शनिवारात,
खिळा खिळा लावून मीच जुळवलेलं.

रोज फाडायच्या कॅलेंडरचं काम होतं.
वर तारीख, मध्ये तिथी, तळाला सुविचार.
मालकांची सुविचारांची वही आषाढातच आटली,
पुढचं अख्खं वर्षासन रिकामं.
मालक म्हणाले, टाक रे काहीतरी, दोन ओळी तर आहेत,
खाली मोठं नाव टाक, मग कोणी विचारत नाही.
मी टाकत गेलो.
आत्याचे टोमणे टाकले,
एका टांगेवाल्याची शिवी धुऊन, वाळवून टाकली.
नावं कुठली?
ज्या नावाचे खिळे दोऱ्यानं बांधून तयार असत, ती.

त्याच आठवड्यात वत्सला वाईला निघून गेली होती.
श्रावणातल्या एका बुधवारी जागा होती.
'ळ' इतका झिजलेला की छापताना अर्धाच उठायचा.
तरी तीच ओळ लावली, दोनदा 'ळ' असलेली.
राग होता.

सोमवारी रात्री, पानवाला शटर ओढून गेल्यावर,
ओलं फडकं घेऊन गेलो. वाक्य राहू दिलं.
नाव पुसलं आणि माझं लिहिलं :
दिगंबर शिवराम मोघे, जुळारी.
हात थरथरला. आयुष्यभर सरळ ओळी लावल्या,
ही उतरती गेली.

मंगळवारी दोन्ही तट एक.
कोण हा मोघे?
संतांचं वाक्य स्वतःच्या नावावर खपवतो?
घैसास बाईंनी चष्मा लावला :
धाटणी जुनी आहे हो, चारशे वर्षं तरी.
जुळाऱ्याला कुठून सुचणार?
मी म्हटलं, तो मोघे मीच.
खळदकर म्हणाले, असाल. पुरावा काय?
सगळ्यांनी मिळून माझं नाव पुसलं
आणि संत परत आले, या वेळी रंगीत खडूनं.

घरी वत्सला गवार मोडत होती.
मी सगळं सांगितलं. खिळे, वही, बुधवार.
तिनं एक शेंग मोडली, दोरा काढला,
मग दुसरी.

'जिन्यात म्हणाला होतात,' ती म्हणाली,
'मी ट्रंक उचलली तेव्हा. हेच. शब्द न् शब्द.
पुढच्या श्रावणात सकाळी पान फाडलं
तर खाली तेच, संतांच्या सहीनं.
अर्धवट ळ सुद्धा तुमच्याच छापखान्याचा.
शेजारच्या ओक वहिनी त्यांचं पान घेऊन आल्या,
म्हणाल्या, बघा किती खरं लिहिलंय.
हसल्या.
मीही हसले.'

आळीत घरोघरी तेच कॅलेंडर होतं.
हे मला त्या वर्षी सुचलं नव्हतं,
आत्ता, गवारीच्या ताटासमोर सुचलं.

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस?
ती म्हणाली, ताट जरा सरकवा,
उजेड अडतोय.