ओ न देणारी

एर्मेलिंदा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.
बाकावर बसली की तिचे पाय
जमिनीपासून हातभर वर.
आज आम्ही दोघी उपाशीपोटी, बाह्या सारून,
आणि ती मला विचारते आहे,
रक्त दिल्यावर डुकराचं तळलेलं मिळेल का कुठे.

किटोहून डॉक्टर वाल्दिव्येसो येतात,
दर दोन वर्षांनी, बर्फाची पेटी घेऊन.
माझी नळी भरताना ते घड्याळाकडे बघतात.
तिची भरताना श्वास धरतात.

एकदा त्यांनी गोळ्यांच्या पाकिटामागे
चित्र काढून सांगितलं होतं:
प्रत्येक पेशीच्या अंगावर कान असतात.
रक्तातून हाक येते, वाढ.
कान ती झेलतो, आत निरोप जातो,
आत कुणीतरी चूल पेटवतं.
चूल म्हटली की ठिणग्या आल्या.
प्राणवायूच तो,
पण जोडीतून सुटला की चावत सुटतो,
भिंतीला, दोरीला,
ज्या वहीत आपण लिहिलेलो असतो त्या वहीला.
"पत्र्याला गंज चढतो ना, तसं,"
ते म्हणाले, आणि आमच्या छपराकडे बघितलं.

एर्मेलिंदाच्या पेशींना तो कान नीट घडलाच नाही.
हाक येते. तिच्या रक्तात तर माझ्याहून मोठ्यानं,
साठ वर्षं कुणी दारात उभं राहून ओरडतंय,
आणि आतून ओ नाही.

तिच्या रक्ताचं पिवळं पाणी त्यांनी
बशीतल्या परक्या पेशींवर घातलं, वरून विष.
कमी तुटल्या म्हणे.
आणि ज्या फार तुटल्या, त्या निमूट मेल्या,
मोडकं घेऊन जगत बसल्या नाहीत.

मी मात्र ओ देणारी.
आईच्या हाकेला, मक्याच्या पोत्याला,
नवऱ्याला, त्याच्या आईला,
पाच पोरांना, रात्री तीनला.
माझ्या पेशीही माझ्यावरच गेल्या असणार.
सत्तावन्नाव्या वर्षी
डावा डोळा धुरकट, बोटांना मुंग्या,
साखर तीनशेच्या वर,
आणि बाजारात लोक मला तिची आई समजतात.

ती कॉफीत गुळाचे तीन खडे घालते.
तिला काही होत नाही.

होत नाही, असं मी एकदा तिच्यासमोर म्हणाले.
ती काही बोलली नाही, भांडी पुसत राहिली,
लहान मुलांच्या दुकानातून आणलेल्या बुटांत,
त्यांवर अजून एक बदक आहे.
चाळिशीत तिच्या डोक्यावरून हात फिरवून
एका पाहुण्यानं तिला चॉकलेट दिलं होतं.
तिनं ते खाल्लं. "चांगलं होतं," म्हणाली.
सेगुंदो नावाचा एक सुतार दोन पावसाळे यायचा,
मग यायचा थांबला.

बाबांनी दाराला दोन कड्या लावल्या होत्या,
एक वर, एक तिच्या खांद्याशी.
बाबा गेले. भावानं घर नवं बांधलं,
सिमेंटचं, निळं.
कडी एकच लावली.
मी शेतातून येईपर्यंत ती पायरीवर बसून असायची,
हिरवे वाटाणे सोलत,
वाट बघतेय असं कुणाला वाटू नये म्हणून.

आज तिनं डॉक्टरांना विचारलं,
माझ्या रक्ताचं करणार काय तुम्ही?
ते म्हणाले, औषध. जमलं तर.
उंच माणसांचे कान थोडे बंद करणारं,
म्हणजे ती सावकाश म्हातारी होतील.
ती हसली. खूप हसली, कापूस दंडावर दाबून.
"थोडेच करा," म्हणाली, "सगळे बंद केलेत
तर कडीपर्यंत हात पोचत नाही."
त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

तळलेलं मिळालं, चौकात, निलगिरीखाली.
तिनं माझ्याही वाट्याचं खाल्लं.
मी मक्याचे दाणे मोजत बसले.

परतीच्या बसला पायरी उंच आहे.
ती खाली थांबते, रस्त्याकडे बघत.
हाक मारत नाही.
मी आधीच वळलेली असते.