पाच पाकळ्यांचा स्क्रू

राजारामपुरीत, सातव्या गल्लीच्या तोंडाला
माझं साडेचार फुटांचं दुकान.
बाप हुपरीला पैंजणांना डाख द्यायचा,
मी मदरबोर्डला देते.
फुंकणी गेली, गरम हवेची गन आली,
चिमटा तेवढा त्याचाच आहे अजून.

दुपारी मिसळीचा रस्सा जिरवत पोरं येतात
आणि माझ्या काउंटरवर दोन पेठा मांडतात.

इम्रान मुल्लाणी म्हणतो, "आयफोन तो आयफोन, भावा.
बाकी सगळं पत्र्याचं."
त्याचे अकरा हप्ते राहिलेत,
म्हणून जाड कव्हर कधी काढत नाही.
मागचं सफरचंद दिसावं एवढं गोल भोक मात्र
माझ्याकडूनच कापून घेतलंय.

ऋतुराज पाडळकर उखडतो:
"तुझ्यात साधी रिंगटोन बदलायची तर उपास-तापास.
आमचं मोकळं रान हाय. वाटेल ते टाकतो."
त्या मोकळ्या रानात काय काय शिरलंय
ते मला ठाऊक:
तीन कर्जवाली ॲप, दोन रमी,
आणि एक टॉर्च,
जिला उजेड पाडायला
त्याच्या सगळ्या पाहुण्यांचे नंबर हवे होते.

"ताई, तुम्हीच सांगा. भारी कोण?"
फायनलच्या दिवशी स्टेडियमच्या मधल्या पायरीवर गाठून
तू कुठल्या पेठेचा, असं विचारल्यासारखं.
खरं बोलावं तर दोन्हीकडून बाटल्या.

मी स्क्रू दाखवते.
ह्याचा साधा, अधिकच्या चिन्हाचा.
त्याचा पाच पाकळ्यांचा, मिठाच्या खड्याएवढा,
तुमच्या घरातला कुठलाच पाना लागू नये म्हणून घडवलेला.
कारागिराची पोर आहे मी,
कुलूप इतकं देखणं असलं की हात थांबतो,
आणि कुलूप कुणाविरुद्ध, हे कळलं की डोकं फिरतं.
दोन्ही एकाच वेळी. त्याला मी काय करू?

चार्जिंगचं तोंड आता दोघांचं सारखंच.
कॅमेरे तिघांचे चार झाले,
घडी घालायचे फोन आले, मधोमध सुरकुतीसकट.
नवे तर म्हणे विचारही स्वतःच करतात.
गिऱ्हाईक मात्र अजून तेच विचारतं,
"फोटो तर जाणार नाहीत ना?"

मंगळवारी हेर्लेकर सर आले, भूमितीचे, निवृत्त.
रुमालात गुंडाळलेला पिवळाधमक फोन,
ना ह्या पेठेचा, ना त्या.
खिडक्यांवाला.
बॅटरी पुरीसारखी टम्म.
"सर, हा संघ कधीच बाद झाला की ओ!"
पोरं खिदळली.

सर चष्मा पुसत म्हणाले,
"त्यातले चौकोन सरकताना बघितलेस का कधी?
एक रेघ फुकटची नव्हती.
कुस्ती गेली म्हणून डाव चुकीचा होता का रे?"

पंखा फिरत राहिला.
ऋतुराजनं उगाच आपली स्क्रीन पुसली.

सुटा भाग मिळत नाही, मी साफ सांगितलं.
"असू दे. उघडून तरी दाखव."
उघडला.
दिव्याखाली तीन डोकी वाकली, माझं धरून चार.
इम्रानच्या तोंडून नुसतं "आयला" निघालं.
फुगलेली बॅटरी मी वाळूच्या बादलीत पुरली,
जिथं सगळ्याच कंपन्यांच्या आधीपासून आहेत.

सरांनी पोकळ फोन तळहातावर तोलला.
"बराच हलका झाला," म्हणाले,
आणि पुन्हा रुमालात बांधून खिशात टाकला.
पायरी उतरता उतरता थांबले:
"बरं, आता नवा घ्यायचा झाला तर कुठला घेऊ?"

दोघांनी एकदमच तोंड उघडलं.
सात वाजायला आले होते.
मी शटर निम्मं खाली ओढलं
आणि चहा सांगितला,
पाच.
वेळ लागणार होता.