फ्रेंच पद्धतीचे उद्यान, एक नग

निविदेत असंच छापलं होतं,
खाली रक्कम, अंकी आणि अक्षरी.
आराखडा माझा. तिसऱ्या टेबलावर काढलेला,
पंख्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर
स्टेपलर, शिक्का, चहाचा पेला
आणि माझं घड्याळ.

फ्रान्स मी पाहिलेलं नाही.
साहेबांनी एक जाडजूड पुस्तक दिलं होतं, परतीच्या बोलीवर.
त्यातल्या बागा वरून बघायच्या होत्या,
राजाच्या शयनघराच्या खिडकीतून.
मधोमध रस्ता, भांग पाडल्यासारखा,
डावीकडे जे जे, ते ते उजवीकडे,
झाडांना शंकू व्हायची सक्ती,
पाण्याला आरसा व्हायची.
आता तिथे कुणीही जातं, असं शेवटच्या पानावर होतं.
तिकीट काढून, पिशवी तपासून घेऊन
त्याच खिडकीशी उभं राहतं
आणि राजाइतकंच बघतं.

नेरूळला खिडकी नव्हती.
मधला रस्ता सुरू होतो तिथे पंपहाउस,
संपतो तिथे जाळी, आणि जाळीपलीकडे तिवरं,
ज्यांना कुणी कधी ओळीत उभं केलेलं नाही.
तिकडचं झुडूप इथल्या उन्हात टिकलं नसतं,
म्हणून ड्युरांटा, कामिनी, थोडी कडूमेंदी.
तीन हौद, एकामागे एक, तिन्ही सारखे.
कागदावर अगदी बरोबर.

पाणी सोडलं तेव्हा
तिसरा हौद आक्रसून बशीएवढा दिसायला लागला.
उद्घाटनाला कुणाच्या लक्षात आलं नाही.
फीत कापली, पेढे वाटले.

हसुराम घरतच्या लक्षात आलं होतं.
कंत्राटी माळी, करावे गावचा,
दोरी न लावता कुंपण कापतो
आणि ते सरळच येतं.
शिडीवरून म्हणाला,
"बाई, लांबचा पानी मोठा ठेवाचा,
जवलचा लहान. मंग डोल्याला सगला सारका."
कुठे शिकलात?
कात्री थांबली नाही.
"मिठागरान."

खाडीकडचं तळं सर्वांत मोठं,
त्यात उधाणाचं पाणी कोंडायचं.
मग मधले चौकोन, ऊन खात पडलेले.
शेवटी पायाशी मिठाचे वाफे, अंगणाएवढे.
बाप बांधावर उभा राहून फळी ओढायचा
आणि समोर सगळं एका मापाचं, आभाळासकट.
ते बघायला कुणी येत नसे.
मीठ भरायला येत.

तिसरा हौद मी गळतीच्या दुरुस्तीत वाढवून घेतला.
फाइलवर फक्त गळती आहे.

पुढे पुस्तक परत करताना
एका तळटीपेवर नजर अडली.
त्या माळ्यांनीही लांबचे हौद लांबट खणले होते,
खिडकीतल्या माणसाला कळू नये
अंतर नावाची काही गोष्ट असते.
हसुरामला वाचून दाखवली.
तो म्हणाला, "त्यांचा पन आगर होता का?"

आता बाग सकाळी पाच ते दहा, संध्याकाळी चार ते नऊ.
गवतावर बसू नये. फुले तोडू नयेत. चेंडू खेळू नये.
हास्यक्लबवाले ठरल्या वेळी हसून जातात,
लग्न ठरलेली जोडपी फोटोसाठी
तिसऱ्या हौदावर वाकतात.

फक्त उजवीकडचा, टोकाचा कोपरा.
डावीकडे ड्युरांटा कमरेला लागतो,
इथे तीनदा लावला, तीनदा पिवळा पडून गेला.
माती बदलली, जिप्सम टाकलं,
तरी चैत्र आला की जमीन पांढरी साय धरते.
लेखापरीक्षणाचा शेरा आहे,
'आराखड्यानुसार दोन्ही बाजू समान आढळल्या नाहीत.'
मी अजून उत्तर दिलेलं नाही.

हसुराम तिथे कात्री नेत नाही.
कधी उकिडवा बसतो, बोट टेकवतो, जिभेला लावतो,
पाइप गुंडाळायला उठतो.

नऊला शिट्टी होते, फाटक लागतं.
तो कोपरा तेवढा उघडा राहतो.
खालून येणाऱ्याला तिकीट नाही.